पुढचं पुस्तक ठरतच नाही : वाचनकट्ट्याच्या जुन्या दुखण्यावर आम्हाला लागू पडलेले उपाय

महिन्याचा शेवटचा रविवार. चर्चा संपलेली, चहाचे कप ट्रेमध्ये परत गेलेले, दोघीजणी दाराशी चपला घालतायत आणि तेवढ्यात कुणीतरी विचारतं, "मग पुढचं काय वाचायचं?" एका दमात सहा नावं येतात. एकजण "कोसला" म्हणतो, लगेच दुसरी म्हणते, "नको रे, कॉलेजात अर्ध्यावर सोडलंय मी." कुणी नुकताच पुरस्कार मिळालेल्या पुस्तकाचं नाव घेतं, पण ते पुस्तक खोलीतल्या कुणीही अजून हातात धरलेलं नसतं. कल्याणच्या ताईंना मेगाब्लॉकमुळे लवकर निघायचं असतं. शेवटी "ग्रुपवर ठरवू" असं म्हणून सगळे उठतात. ग्रुपवर तीन दिवस नावं पडत राहतात, चौथ्या दिवशी कुणाचा तरी वाढदिवस येतो आणि पुस्तकाचा विषय शुभेच्छांखाली गाडला जातो. दहा दिवस गेले की मी घाईघाईत एक नाव जाहीर करते. मग ते निम्म्यांना मिळत नाही आणि मिळालेल्यांतल्या निम्म्यांचं वाचून होत नाही.

डोंबिवलीतल्या आमच्या वाचनकट्ट्यावर हे दीड-दोन वर्षं चाललं. आम्ही तेराजण. बँकेतून निवृत्त झालेले काका आहेत, रुग्णालयात नर्स असलेली ताई आहे, दोघी शिक्षिका, एक इंजिनिअरिंगला असलेला मुलगा, रोज लोकलने मुंबई गाठणारे पाच-सहाजण. कट्टा बंद पडायला आला होता आणि मला त्याचं फार वाईट वाटत होतं, कारण माणसं चांगली होती, सगळ्यांना वाचायचं होतं. फक्त पुढचं पुस्तक कुठलं, या एका प्रश्नावर गाडी दर महिन्याला अडत होती. हळूहळू कारणं सापडली. तुमच्या गटात असंच होत असेल तर त्यातलं काही उपयोगी पडेल म्हणून सविस्तर लिहिते.

बिघाड नेमका कुठे आहे

"पुस्तक ठरत नाही" ही तक्रार एकच वाटली तरी तिच्या पोटात चार निरनिराळी दुखणी असतात. नावं भरपूर येतात पण निर्णय होत नाही. निर्णय होतो पण प्रती मिळत नाहीत. प्रती मिळतात पण वाचून होत नाही. किंवा सगळ्यांचं वाचून होतं, तरी बैठकीत वीस मिनिटांत बोलणं आटपतं आणि लोक भाज्यांच्या भावावर येतात.

प्रत्येकाचं औषध वेगळं आहे आणि आम्ही एकाचं औषध दुसऱ्याला देत बसलो होतो. लोक वाचून येत नाहीत असं दिसलं की आम्ही मतदानाची पद्धत बदलायचो. पण जूनमध्ये शाळा उघडतात, दोघी शिक्षिका आणि चार पालक त्या महिन्यात मान वर करू शकत नाहीत. मतदान कितीही नीट केलं तरी जूनमधलं चारशे पानांचं पुस्तक वाचून होणारच नव्हतं.

म्हणून पहिलं काम : एक वही करा. पुस्तकाचं नाव, कुणी सुचवलं, कितीजणांना प्रत मिळाली, कितीजणांनी शेवटपर्यंत वाचलं, चर्चा किती वेळ चालली. एवढे पाच रकाने पुरतात. मागच्या सात-आठ पुस्तकांची माहिती आठवून भरली तरी चालेल. आमच्या वहीत चौथ्या ओळीपर्यंत आलो तेव्हाच कळलं की प्रत मिळाल्याचा आकडा सहाच्या वर जातच नव्हता. वर्षभर आम्ही एकमेकांच्या आवडीनिवडींवर वाद घालत होतो आणि अर्ध्या लोकांच्या हातात पुस्तकच नव्हतं.

मतदान करूनही कुणीच खूश नाही

हे सगळ्यात किचकट दुखणं आहे, म्हणून इथे जरा थांबते.

आम्ही व्हॉट्सॲपवर पोल टाकायचो. चार पुस्तकं, प्रत्येकाला एक मत. एकदा निकाल लागला चार, तीन, तीन, तीन. चार मतांचं पुस्तक जिंकलं. म्हणजे तेरातल्या नऊजणांना जे नको होतं ते आम्ही निवडलं! त्या महिन्यात बैठकीला सहाजण आले. कुणी रुसलं नव्हतं, फक्त ओढ नव्हती. एकाला एकच मत दिलं की आवडीसारखी पुस्तकं एकमेकांची मतं खातात. दोन कथासंग्रह यादीत असले तर कथेवर प्रेम करणारे दोहोंत विभागले जातात आणि तिसरंच काहीतरी पुढे निघून जातं.

मग काकांनी सुचवलं की जोड्या लावू. आधी दोन पुस्तकांत मत घ्यायचं, जिंकेल त्याची तिसऱ्याशी गाठ. ऐकायला रास्त. पण दोन महिन्यांनी एक विचित्र गोष्ट लक्षात आली : जे पुस्तक शेवटी आणलं जायचं तेच जिंकायचं. इंजिनिअरिंगच्या मुलाने वहीच्या मागच्या पानावर मांडून दाखवलं. समजा पाचजणांचा क्रम कादंबरी, आत्मचरित्र, कथा असा आहे. चौघांचा आत्मचरित्र, कथा, कादंबरी. उरलेल्या चौघांचा कथा, कादंबरी, आत्मचरित्र. आता कादंबरी विरुद्ध आत्मचरित्र घेतलं तर कादंबरी नऊ-चारने जिंकते. आत्मचरित्र विरुद्ध कथा घेतलं तर आत्मचरित्र नऊ-चारने जिंकतं. आणि कथा विरुद्ध कादंबरी? कथा आठ-पाचने जिंकते. एकदा स्वतः कागदावर करून बघा. प्रत्येकाची आवड सरळ आहे, तरी गटाची आवड गोल फिरते. फ्रान्समधल्या कोंडोर्से नावाच्या गणितज्ञाने १७८५ साली हेच दाखवून दिलं होतं. हे समजल्यावर आमच्या कट्ट्यावरचं वातावरण एकदम निवळलं, कारण "मुद्दाम आमचं पुस्तक पाडलं" ही जी सल दोघा-तिघांच्या मनात होती ती निघून गेली. दोष माणसांचा नव्हता.

आम्हाला लागू पडलेला उपाय असा. "कुठलं हवं?" असं विचारायचं नाही, "कुठकुठलं चालेल?" असं विचारायचं. प्रत्येकाने चालतील त्या सगळ्या पुस्तकांपुढे खूण करायची, एक असो की तीन. सर्वांत जास्त जणांना जे चालतं ते घ्यायचं. यात कुणाचंही अत्यंत लाडकं पुस्तक कदाचित जिंकत नाही, पण तेरातल्या दहा-अकराजणांना चालणारं काहीतरी हमखास वर येतं, आणि महिनाभर सोबत राहायला तेवढी ओढ पुरते.

दुसरी गोष्ट, ही मतं कागदाच्या चिठ्ठीवर घ्या. पोलमध्ये कुणी कशाला मत दिलं ते सगळ्यांना दिसतं. काकूंनी सकाळी सात वाजता एका पुस्तकाला मत दिलं की दुपारपर्यंत त्यांच्या मागे पाचजण उभे राहायचे. काकूंचा मान मोठा आहे, कट्टा त्यांच्याच घरी भरतो, त्यांच्या विरोधात मत द्यायला नव्या मुली बिचकायच्या. काकूंना हे सांगितल्यावर त्यांनाच सगळ्यात जास्त आश्चर्य वाटलं. आता चिठ्ठ्या त्याच वाटतात आणि त्याच मोजतात.

नाव माहीत असतं, पुस्तक माहीत नसतं

मतदान सुधारलं तरी एक अडचण उरलीच होती. आम्ही नावांना मतं देत होतो. पुस्तकाबद्दल ऐकलेलं असायचं, लेखकाबद्दल आदर असायचा, कुठेतरी परीक्षण वाचलेलं असायचं. पुरस्कार म्हणजे परीक्षकांनी त्या साहित्यकृतीबद्दल दिलेला निर्णय. तेराजणांच्या बैठकीत तिच्यावर दोन तास बोलता येईल का, हा प्रश्न परीक्षकांपुढे नसतोच. "वाचायलाच हवं असं" पुस्तक आणि "आत्ता या माणसांनी मिळून वाचावं असं" पुस्तक यांत मोठा फरक आहे. पहिली यादी कधीच संपत नाही आणि तिच्यापुढे माणूस दडपून जातो.

हे सुटलं ते एका रविवारी, ठरवून नव्हे. आमच्यात एक ताई आहेत, माहेर अमरावतीकडचं, लग्नानंतर डोंबिवलीत आल्या. दीड वर्ष त्या यायच्या, नीटस प्रमाण मराठीत दोन-तीन वाक्यं बोलायच्या आणि गप्प बसायच्या. त्या दिवशी त्यांनी पिशवीतून उद्धव शेळक्यांची 'धग' काढली. १९६० सालची कादंबरी, पानं पिवळी पडलेली, पाठीला खाकी कागद चिकटवलेला. म्हणाल्या, "हे सुचवायचं होतं, पण सांगता येणार नाही मला. वाचूनच दाखवते." आणि मधलंच एक पान उघडून त्यांनी संवाद वाचायला सुरुवात केली. मले, तुले, काहून. तिसऱ्या ओळीला त्यांचा आवाज बदलला. खांदे सैल झाले, हात हलायला लागला, शब्दांना एक हेल आला जो आम्ही त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. काकांनी पंखा कमी केला. दोन पानं झाली आणि त्या थांबल्या, तर नर्स ताई म्हणाली, "मग? कौतिकचं पुढे काय होतं?"

त्या दिवशी मतदान झालंच नाही. महिन्याभराने चर्चा साडेतीन तास चालली आणि त्यातला निम्मा वेळ आम्ही अमरावतीच्या ताईंना शब्दांचे अर्थ विचारत होतो. आता त्या गप्प बसत नाहीत.

तेव्हापासून आमचा एकच कडक नियम आहे : पुस्तक सुचवणाऱ्याने ते पुस्तक सोबत आणायचं आणि त्यातली दोन पानं मोठ्याने वाचायची. लेखकाचा परिचय नको, मलपृष्ठावरचा मजकूर नको, "हे फार महत्त्वाचं आहे" हे तर नकोच. पहिली दोन पानंही शक्यतो टाळायची, कारण पहिल्या पानावर प्रत्येक लेखक जपून चालतो. ऐंशीव्या, शंभराव्या पानावर भाषा कशी आहे ते खरं. चार मिनिटं ऐकल्यावर लोकांना जे कळतं ते चाळीस मिनिटांच्या शिफारशीने कळत नाही. वाक्यं आपल्याला झेपतील का, माणसं डोळ्यांपुढे येतायत का, पुढचं ऐकावंसं वाटतंय का. आणि सुचवणाऱ्याने निदान पन्नास पानं स्वतः वाचलेली आहेत याची खात्रीही आपोआप होते, कारण न वाचलेल्या पुस्तकातलं मधलं पान काढून वाचायला गेलात तर पहिल्याच परिच्छेदात जीभ अडखळते.

पुढे यात पाळीची भर घातली. नुसती पाळी लावली, म्हणजे ज्याचा महिना त्याचं पुस्तक, तर सात-आठजणांच्या गटात ते छान चालतं. आमच्यासारख्या तेराजणांत मात्र एकाची पाळी वर्षाने येते, आणि वर्षातून एकदा संधी म्हटल्यावर माणूस आपलं सगळ्यात भारदस्त पुस्तक काढून आणतो. म्हणून पाळीवाल्याने तीन पुस्तकं आणायची, तिन्हींतली दोन-दोन पानं वाचायची, बाकीच्यांनी चिठ्ठीवर चालेल ती सगळी लिहायची. निवड पंचवीस मिनिटांत होते. ही निवड चर्चेच्या आधी, सगळे ताजेतवाने असताना करा. चपला घालताना करू नका.

प्रतीच मिळत नाहीत

मराठीत अनेक चांगल्या पुस्तकांची आवृत्ती हजारेक प्रतींची असते. ती संपली की नवी निघायला महिने लागतात, कधी वर्षं. पुस्तक ठरवून मग दुकानात जाणं म्हणजे आधी तारीख काढून मग कार्यालय शोधण्यासारखं आहे. पाळीवाल्याने तिन्ही पुस्तकांसाठी दुकानदाराला आधी फोन करायचा आणि प्रश्न नेमका विचारायचा. "आहे का?" असं विचारलं तर एक प्रत असली तरी "आहे" म्हणतात. "दहा प्रती आठ दिवसांत मिळतील का?" असं विचारा. दहा एकदम घेतल्यावर बहुतेक दुकानदार सवलतही देतात.

यावर दुसरा इलाज म्हणजे एक महिना पुढचं ठरवणं. जुलैच्या बैठकीत ऑगस्टचं नाही, सप्टेंबरचं पुस्तक निवडायचं. सुरुवातीला गोंधळ होतो, पण एकदा ही सवय लागली की प्रतींची धावपळ संपते.

छापून संपलेलं पुस्तक हवंच असेल तर जुन्या ग्रंथालयांत जा. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आहे, मुंबईचं १८९८ पासून. पण ग्रंथालयात एक किंवा दोन प्रती असणार हे धरून चाला. अशा वेळी आम्ही पुस्तक फिरतं ठेवतो, प्रत्येकाला पाच दिवस, आणि चर्चा दोन महिन्यांनी. अख्ख्या पुस्तकाच्या झेरॉक्स काढून वाटू नका. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत आपल्याकडे कॉपीराइट असतो, आणि हजार प्रतींच्या आवृत्तीतल्या दहा प्रती आपण विकत घेणं हे त्या लेखकाला आणि प्रकाशकाला खरोखर कळण्याइतकं मोठं असतं.

जे लेखक ती मुदत ओलांडून गेलेत त्यांची पुस्तकं मात्र मोकळी आहेत. हरी नारायण आपटे १९१९ साली गेले, लक्ष्मीबाई टिळक १९३६ साली, साने गुरुजी १९५० साली. अशी काही जुनी पुस्तकं मराठी विकिस्रोत या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा फोनवर अक्षर मोठं करून वाचण्याचा त्यांना मोठा आधार झाला.

एक सूचना आवृत्त्यांबद्दल. लक्ष्मीबाईंचं 'स्मृतिचित्रे' घेतलं तेव्हा कुणाकडे संपूर्ण होतं, कुणाकडे संक्षिप्त, कुणाकडे आजीच्या कपाटातली जुनी प्रत. "पान एकशे दहा काढा" म्हटलं की तिघांच्या तीन जागा उघडायच्या, आणि संक्षिप्तवाल्यांनी तर काही प्रसंग वाचलेच नव्हते. आवृत्ती आधी ठरवा, आणि चर्चेत पानाऐवजी प्रकरण सांगा.

वाचून होत नाही

इथे साधा हिशोब आहे. दोन बैठकींमध्ये साधारण तीस दिवस. त्यातले आठ-दहा पाहुण्यांत, आजारपणात, ऑफिसच्या मार्चएंडमध्ये जाणार. उरले वीस. रोज दहा-बारा पानं धरली तर दोनशे ते अडीचशे. आमच्या कट्ट्यावर अडीचशेच्या पुढे गेलं की शेवटपर्यंत वाचणाऱ्यांचा आकडा घसरतो, हे वहीत स्वच्छ दिसतं. तुमचा आकडा वेगळा असेल, पण तो काढा.

वजनाचाही विचार करा, हे मी अगदी मनापासून सांगते. आमच्यातल्या पाच-सहाजणांचं सगळं वाचन लोकलमध्ये होतं. एका हाताने वरची कडी धरलेली, दुसऱ्या हातात पुस्तक, पान उलटायला फक्त अंगठा मोकळा. नेमाड्यांची 'हिंदू' सहाशेच्या घरातल्या पानांची आहे. ती डब्यात उभ्याने वाचणं म्हणजे मनगटाला शिक्षा. त्यामुळे हवीहवीशी असूनही ती दोन वेळा आमच्या हातून निसटली. तिसऱ्या वेळी आम्ही ती तीन महिन्यांत विभागली, दर बैठकीला एक तुकडा, आणि मग जमलं. जाड पुस्तक टाळायची गरज नाही, फक्त त्याला एकाच महिन्यात कोंबू नका.

उलट लहान पुस्तकांना कमी लेखू नका. विश्राम बेडेकरांची 'रणांगण' १९३९ सालची, दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर युरोपातून हिंदुस्थानाकडे येणाऱ्या बोटीवर घडणारी. दोन-तीन दिवसांत वाचून होते. तिच्यावर आम्ही जितके भांडलो तितके कुठल्याच पुस्तकावर भांडलो नाही. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) शिक्षिकांनी जून महिन्यासाठी आणली होती. शाळा उघडण्याच्या धांदलीतही अकराजणांनी ती संपवली. नवख्या मास्तराची गोष्ट शिक्षिकांनी निवडली यात नवल नाही, पण धनगरवाडीतल्या त्या शाळेवरून काकांनी स्वतःच्या पहिल्या नेमणुकीच्या गावाचं जे सांगितलं ते आम्हाला वीस वर्षांच्या शेजारातही कळलं नव्हतं.

दिवाळीच्या महिन्यात आम्ही पुस्तक ठेवतच नाही. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी माणसाला त्या दिवसांत अंक वाचायची सवय आहे, तिच्याशी झगडायचं कशाला? प्रत्येकाने एक अंक घ्यायचा, आपापसात बदलायचे, आणि ज्याला जी कथा किंवा लेख आवडला तो त्याने सांगायचा.

वाचलं, पण बोलायला काही नाही

काही पुस्तकं सगळ्यांना सारखीच आवडतात. "छान होतं." "हो ना, मलाही आवडलं." संपलं. यात वाईट काही नाही, पण दोन तास भरत नाहीत. पाळीवाल्याने पुस्तक निवडताना स्वतःला एक प्रश्न विचारावा : या पुस्तकातल्या कुठल्या गोष्टीवर आपल्यातली दोन शहाणी माणसं प्रामाणिकपणे वेगळं बोलतील? उत्तर सुचलं नाही तर ते पुस्तक एकट्याने वाचायला ठेवावं.

'कोसला'चं आमच्याकडे असंच झालं. ती वर्षभर टळत होती, कारण ज्येष्ठांना ती आवडणार नाही अशी सगळ्यांची खात्री होती. मग इंजिनिअरिंगच्या मुलाने ती आणली. १९६३ साली आली तेव्हा लेखक नेमाडे पंचविशीत होते, म्हणजे त्या मुलापेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठे. काकांनी येताना सांगून टाकलं की तिसाव्या पानावर राग आला आणि साठाव्यावर पुस्तक मिटलं. पण काका आले होते, आणि राग का आला ते नेमकं सांगू शकत होते. घरून येणाऱ्या पैशावर पुण्यात शिकणाऱ्या मुलाचं वडिलांशी जे नातं त्यात आहे, त्यावर एक मुलगा आणि एक बाप समोरासमोर बसून बोलले. न आवडलेलं पुस्तकही फार उत्तम चर्चा देतं, अट एकच : न आवडणाऱ्याने यायला हवं. म्हणून "अर्धवट वाचलं असेल तरी या" हे आम्ही दर महिन्याला लिहून पाठवतो.

क्रमाबद्दल एक चूक आमच्याकडून झाली, ती सांगायलाच हवी. एका वर्षी आम्ही दया पवारांचं 'बलुतं', लक्ष्मण मान्यांचं 'उपरा' आणि लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' ही दलित आणि भटक्या-विमुक्त लेखकांची आत्मकथनं लागोपाठ तीन महिन्यांत घेतली. १९७८, १९८०, १९८७. हेतू चांगला होता, एक काळ सलग समजून घ्यावा. तिसऱ्या बैठकीत मी वहीत टिपणं घेत होते आणि लक्षात आलं की आम्ही लक्ष्मण गायकवाडांचं पुस्तक वाचतच नव्हतो, मागच्या दोनांशी त्याची तुलना करत होतो. कुणाचं दुःख जास्त, कुणाची भाषा जास्त धारदार. हा त्या पुस्तकावर अन्याय होता आणि त्या जगण्यावरही. आता अशा एका पुस्तकानंतर आम्ही मुद्दाम घाट बदलतो, कथा घेतो, प्रवासवर्णन घेतो, कविता घेतो, आणि चार-सहा महिन्यांनी परत येतो. ताज्या मनाने परत आलं की प्रत्येक पुस्तक स्वतःच्या आवाजात ऐकू येतं.

"आत्ता नको" ची चिठ्ठी

हे कुणी शिकवलं नाही, एका चुकीतून आलं. आमच्यातल्या एकीचे यजमान दीर्घ आजाराने गेले. तीन महिन्यांनी त्या परत यायला लागल्या. त्याच सुमारास आजारपणावरचं एक सुंदर आत्मकथन मतांनी निवडलं गेलं. त्या काहीच बोलल्या नाहीत, फक्त पुढच्या दोन बैठकींना आल्या नाहीत. मला उशिरा कळलं. तेव्हापासून मतांच्या चिठ्ठीवर खाली एक रिकामी ओळ असते. तिथे एखाद्या पुस्तकाचं नाव लिहिलं तर त्याचा अर्थ "आत्ता नको". कारण द्यायचं नाही, कुणी विचारायचं नाही, चिठ्ठीवर नाव नसतं. एक जरी "आत्ता नको" आलं तरी ते पुस्तक सहा महिने बाजूला राहतं. या ओळीचा गैरवापर होईल अशी भीती काहींनी घातली होती. तीन वर्षांत ती ओळ चार वेळा भरली गेली, आणि चारही वेळा मला वाटतं ती खरीच होती.

आणि सगळंच फसलं तर

असा महिना येतोच. पाळीवाला आजारी, प्रती आल्या नाहीत, पावसाने गाड्या बंद. अशा वेळी बैठक रद्द करू नका, एकदा रद्द झाली की पुढची रद्द करणं सोपं होतं. आम्ही अशा महिन्यासाठी काही छोटे मजकूर काढून ठेवलेत, जे तिथल्या तिथे मोठ्याने वाचता येतात. मागच्या पावसाळ्यात पाचचजण पोहोचू शकलो. काकूंनी कपाटातून ताराबाई शिंद्यांचा 'स्त्री-पुरुष तुलना' हा निबंध काढला. ताराबाई बुलढाण्याच्या. सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या विधवेवर बालहत्येचा खटला झाला, तिला फाशीची शिक्षा सुनावली गेली आणि त्यावरून वर्तमानपत्रांत बायकांवर जी टीका झाली, तिला उत्तर म्हणून १८८२ साली त्यांनी हे लिहिलं. मराठी जुनं, वाक्यं लांब, डोळ्यांनी वाचताना अडायला होतं. पण आवाजात ते बोलणंच आहे, चिडलेल्या, हुशार बाईचं. पाचजणींनी पाळीपाळीने दोन-दोन पानं वाचली. वीज गेली तेव्हा नर्स ताईने मोबाईलचा उजेड पुस्तकावर धरला आणि काकू म्हणाल्या, "थांबू नका, हे वाक्य पुरं करा आधी."